थांबणारे चाक

एका राज्यात राजे मातीत हात घालीत. तिथे सिंहासन नव्हते, चाक होते. ज्याला राजा व्हायचे त्याने भर दरबारात चाकाशी बसावे, प्रजेने आणलेल्या मातीचा घट उभा करावा, आणि घट कोसळला नाही तर प्रजेने मुजरा करावा. तिथे घटसेन नावाचा राजा होता. हात उत्तम, कान उतावळे. कोणी बोलू लागले की पुढचे वाक्य तो स्वतःच पुरे करी. बहुतेकदा चुकीचे करी. पण राजाचे चुकले असे सांगायची त्या राज्यात पद्धत नव्हती.

त्याला दोन मुलगे. थोरल्याची राणी शशिप्रभा, तिचे दिवस भरत आले होते. धाकटा रत्नकेतू, त्याचे लग्न नदीपलीकडच्या नावाड्यांच्या राजाच्या मुलीशी ठरले. तिचे नाव वेण्णा. ती फार कमी बोले. सासरी पाऊल टाकल्यावर घडीभरातच बायकांनी ठरवून टाकले, की मुलगी एक तर गर्विष्ठ आहे किंवा बहिरी. फक्त थोरल्या जावेने तिचा हात हातात घेतला आणि हळूच म्हटले, "इथे सगळेच फार बोलतात. तू घाबरू नकोस. मी आहे ना."

वेण्णाने मान हलवली. त्या घरात तिच्याशी कोणी तिच्यासाठी बोलले ते एवढेच.

त्या राज्याचा रिवाज असा होता, की राजघरात लग्न निघाले की नवे चाक विकत घ्यायचे. अक्षता पडल्या की नवऱ्यामुलाने त्यावर पहिले मडके करायचे, आणि त्या मडक्यातले पाणी सुनेच्या पायांवर घालून तिला घरात घ्यायचे. लग्नाच्या दिवशी घटसेन चाक घ्यायला निघाला. फार दूर जावे लागले नाही. वेशीपाशीच एक परका व्यापारी काळी घोंगडी पांघरून उभा होता. त्याच्यापुढे चाक फिरत होते, आणि फिरत्या चाकावर सोन्याचे लखलखीत कडे दिसत होते.

"किती वेळ फिरतं?" राजाने विचारले.

"आपण एकदा आपल्या अंगणात फेरा दिलात, महाराज, की थांबणारच नाही."

"घेतलं. किंमत?"

"आजची संध्याकाळ मला द्या. चाक फिरेल तोवर."

राजाला वाटले, बिचारा लग्नाच्या पंगतीला बसायचे म्हणतो आहे. "दिली!" तो म्हणाला. व्यापाऱ्याने चाक थांबू न देता उचलले, फिरते चाक गाडीत ठेवले, आणि हसला नाही. खरे तर तो हसला नाही, इथेच राजाने थबकायला हवे होते.

मुहूर्त गोरज होता. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता, गाई धूळ उडवीत परतत होत्या. भटजींनी आणि मुलीच्या मामाने अंतरपाट धरला. पलीकडे रत्नकेतू, अलीकडे वेण्णा. दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते. मंगलाष्टके सुरू झाली. तेवढ्यात शशिप्रभेला कळा सुरू झाल्या, आणि बायकांनी तिला आत नेले. अन् त्याच वेळी अंगणात राजाने मोठ्या हौसेने नव्या चाकाला फेरा दिला.

त्या क्षणापासून त्या राज्यात काहीच पुरे होईना.

सूर्य डोंगराला टेकला तो टेकलाच. गाईंची धूळ हवेत उभी राहिली. भटजी शेवटच्या अष्टकापाशी आले की त्यांच्या तोंडून पुन्हा पहिले अष्टक निघे. विणकराचा शेवटचा धागा मागाला लागेना, गवंड्याचे शेवटचे कौल छपरावर बसेना. निरोप घेऊन निघालेले पाहुणे उंबऱ्यातच बोलत उभे राहिले. हे मात्र त्या राज्यात कोणाला फारसे नवे वाटले नाही. कुंभारांनी चाकावर गोळा मारला तर मडके उभे राही, पण उतरवायला तळाशी दोरा लावला की मडक्याचा पुन्हा गोळा होई.

राजाने ते चाक थांबवायला सैनिक बोलावले. त्यांनी चाकाला वासे टेकवले. वासे झिजू लागले आणि नुसते झिजतच राहिले, कारण तिथे झिजणेही संपत नव्हते.

आतल्या दालनातून सुईण बाहेर आली. "कळा येताहेत महाराज. मूल येत नाही. असंच चाललं तर…" आणि तिचे वाक्यही पुरे झाले नाही. तिच्यामागून शशिप्रभेचा आवाज आला. तो ओरडण्याचा नव्हता. ओरडून झाल्यावर माणसाजवळ जो आवाज उरतो, तो होता. हाच आवाज थोड्या वेळापूर्वी 'मी आहे ना' म्हणाला होता. वेण्णाने तो ओळखला.

भटजींचे आणि मामांचे हात भरून आले, म्हणून त्यांनी अंतरपाट सोडून दिला. तो पडला नाही. दोघांच्या मधोमध, डोक्याच्या वरपासून गुडघ्यापर्यंत, आपला आपण लटकत राहिला. वेण्णा एक पाऊल सरकली तर तोही सरकला. त्याच्याखालून तिला नवऱ्याची पावले तेवढी दिसत होती. पायाच्या अंगठ्याच्या नखात माती होती. लग्नाची हळद लागली, उटणे लागले, तरी निघाली नव्हती. ते पाहून तिला जरा बरे वाटले.

मांडवाच्या आढ्याला एक भिंगरी घरटे करीत होती. ओल्या मातीचे मणी चोचीने आणून भिंतीला चिकटवते, ती चिमुकली शेपटीवाली भिंगरी. तिच्या चोचीत शेवटचा मणी होता आणि तो चिकटत नव्हता.

"तोंडात माती धरून मी आणखी किती बोलायचं?" भिंगरी तोंडातल्या तोंडात म्हणाली. "पण इथे दुसऱ्या कोणाला बोलायची उसंत नाही, आणि ही नवी सूनबाई तर बोलतच नाही. म्हणून मीच सांगते. राजाने संध्याकाळ विकली आहे. चाक फिरतंय तोवर ती त्या काळ्या घोंगडीवाल्याची. तो व्यापारी नव्हे, जादूगार आहे."

"ते थांबेल कसं?" वेण्णाने विचारले. मांडवातल्या बायकांनी चमकून पाहिले. मुलगी बहिरी नव्हती.

"या राज्यात, या संध्याकाळी, एक वस्तू पुरी झाली पाहिजे. एकच. पण इथल्या चाकांवर ती होणार नाही. पूर्वेला नदीकाठी चाकांचा बाजार भरतो. तिथून चाक आणा. चोरून नाही, मागून नाही, विकत. आणि राजासारखं एका वाक्यावर विकत घेऊ नका. आधी त्यावर बसून पाहा. मग गोळा मारून पाहा. आणि शेवटी ते थांबतं कसं, ते पाहा."

"थांबतं कसं?" अंतरपाटापलीकडून रत्नकेतू म्हणाला. "चाक फिरतं कसं ते पाहतात."

"तुमच्या वडिलांनी तेच पाहिलं," भिंगरी म्हणाली.

दोघे निघाले. दोघांच्या मध्ये अंतरपाट निघाला. भिंगरी चोचीत माती घेऊन वरून निघाली. ते वेशीकडे चालले, खूप चालले, पण वेस होती तेवढ्याच अंतरावर राहिली. रत्नकेतू बोलत होता: आपल्या आजोबांचे चाक केवढे होते, त्यावर एका फेऱ्यात रांजण कसा होई, आपल्याला कोणते चाक घ्यायला आवडेल. वेण्णा ऐकत होती आणि वेशीकडे पाहत होती.

"ऐकता ना?" त्याने विचारले. "आहात ना पलीकडे?"

"आहे. ही वाट पोचायची नाही."

"का?"

"पोचणं म्हणजे वाट संपणं. इथे काही संपत नाही." ती वळली. "नदीला चला. नदी कुठे पोचायला निघालेली नसते."

खूप चालूनही ते अंगणातच होते, आणि अंगणाच्या पायऱ्याच नदीत उतरत होत्या. त्या घाटाला वेण्णाची नाव बांधलेली होती. माहेराहून ती त्याच नावेतून आली होती. नावेत एकच वल्हे होते, तिच्या वडिलांनी स्वतः तासलेले. पाठवणीच्या वेळी ते तिच्या हातात देताना वडील एवढेच म्हणाले होते, "जवळ असू दे. वाटलं तर येता येईल." रत्नकेतू पुढे बसला, वेण्णा मागे उभी राहिली, अंतरपाट मधे. तो वाऱ्याने फडफडे, पण वर उडत नसे. तिने नाव प्रवाहाला लावली. किनारा हलू लागला, वाडा मागे पडला, आणि मावळतीचा तो तांबडा उजेड एका वळणावर एकदम तुटला. पलीकडे चांगली लख्ख सकाळ होती.

त्या सकाळी काठावर बाजार भरला होता. दगडाची, लाकडाची, हाडाची, काचेची चाके होती. एक चाक धुराचे होते, त्यावर पाऊस वळत होते. गिऱ्हाईक मात्र थोडेच. चाक घ्यायला आलेली माणसे बहुतेक करून पाहतात, हात लावतात, आणि पुढच्या वेळी घेऊ म्हणून जातात.

पहिल्याच पेढीवर काळ्या घोंगडीचा जादूगार बसला होता. रत्नकेतूने त्याला घोंगडीवरून ओळखले आणि मुठी आवळल्या.

"तुम्ही माझ्या वडिलांना फसवलंत."

"मुळीच नाही," जादूगार म्हणाला. "त्यांनी विचारलं ते मी सांगितलं. थांबलं नाही तर काय होईल, हे त्यांनी विचारलं असतं तर तेही सांगितलं असतं. माझा माल खोटा नाही. हे पाहा."

त्याच्यापुढे सोन्याचे चाक होते. वेण्णा म्हणाली, "बसून पाहा." रत्नकेतू बसला. बैठक उंच, मऊ. चाक अगदी हाताशी. "गोळा मारा." त्याने गोळा मारला, आणि तो हात लावणार तोच मातीतून मडके आपोआप वर आले. सुरेख, पातळ, कुठे रेघ नाही. त्याने दुसरा गोळा मारला. पुन्हा तेच मडके. तिसऱ्यांदा त्याने मुद्दाम गोळा वाकडा मारला. तेच मडके, तीच मान, तोच काठ.

"माझे हात कुठे लागायचे?" रत्नकेतूने विचारले.

"लागायची गरजच काय? किंमतही फार नाही. तुमच्या मधला हा कपडा द्या. इथे, आत्ता. मग एकमेकांना बघा, सुखाने घरी जा."

रत्नकेतूने त्या मडक्याच्या काठावरून बोट फिरवले. मग तो हळू म्हणाला, "वेण्णा, मी तुमचा चेहरा पाहिलेला नाही. आणि हे चाक मडकं तर करतंय."

"विकला तर हा पडायचा नाही," वेण्णा म्हणाली. "नुसता जाईल. आपलं लग्न अर्धंच राहील." मग ती जादूगाराला म्हणाली, "हे थांबतं कसं ते दाखवा."

जादूगाराने चुटकी वाजवली. सोन्याचे चाक जागच्या जागी थबकले, आणि त्यावरचे सुरेख मडके झटक्याने बाजूला फेकले जाऊन फुटले.

"मी चुटकी वाजवेन तेव्हा थांबतं," तो म्हणाला.

"म्हणजे घर आमचं आणि चाक तुमचं," वेण्णा म्हणाली. "नको."

दुसऱ्या पेढीवर दगडाचा यक्ष बसला होता. त्याचे चाक काळ्या पाषाणाचे, एका बैलगाडीएवढे. रत्नकेतू त्यावर बसला आणि पाहतापाहता त्याचा आवाजच बदलला. "वेण्णा, हे पाहा! एक फेरा दिला की दुपारपर्यंत चालेल. जरा थरथर नाही. गोळा मारला की जणू आपणच मधोमध जाऊन बसतो." त्याने सोडून दिले तेव्हा चाक हळूहळू, एकसारखे, कुठे न अडखळता मंदावत गेले आणि थांबले. तिन्ही कसोट्यांना ते उतरले. वेण्णालाही त्यात खोट काढता येईना.

"हे अंगणाच्या पूर्वेला ठेवू," रत्नकेतू सांगू लागला. "वरती छप्पर घालू. आजोबांचंसुद्धा एवढं नव्हतं. दरबारातले सगळे बघत राहतील. किंमत काय, यक्षराज?"

"किंमत मागाहून," यक्ष म्हणाला. "आधी उचला."

रत्नकेतूने खांदा लावला. वेण्णाने अंतरपाटाच्या अलीकडून खांदा लावला. चाक हलले नाही.

"हे नावेत कसं बसायचं?" वेण्णाने विचारले.

रत्नकेतूने खांदा काढून घेतला. अंगण त्याने मनात मोजले होते, छप्पर मोजले होते, दरबारातल्या लोकांचे डोळेही मोजले होते. नाव मोजली नव्हती. खरे सांगायचे तर वेण्णानेही मोजली नव्हती. ती नावाड्याची मुलगी, आणि वाटेत ती मनातल्या मनात नवऱ्याचा चेहरा जुळवीत बसली होती.

"शंभर वर्षांत गिऱ्हाइकं पुष्कळ आली," यक्ष म्हणाला. "सगळ्यांना चाक आवडलं. म्हणून तर अजून इथेच आहे."

बाजाराच्या टोकाला, जिथे कोणी जात नव्हते, एक म्हातारी उंबराखाली बसून लाकूड तासत होती. तिच्यापुढे एकच चाक होते. लाकडाचे, काठाला माती आणि काथ्या लिंपलेला. भाकरीच्या परातीहून थोडे मोठे. शेजारी फिरवायची लांब काठी.

"हे पोरांना खेळायला आहे का, आजी?" रत्नकेतूने विचारले.

"खेळता येत असेल तर बस," म्हातारी म्हणाली.

तो बसला. बैठक अगदी जमिनीलगत, गुडघे कानाशी आले. भिंगरी वरून फिदीफिदी हसली आणि तिच्या चोचीतली माती पडता पडता राहिली. त्याने काठीने फेरा दिला, गोळा मारला. गोळा मधोमध यायला त्याला हात घट्ट धरावे लागले. हे चाक स्वतःहून काही करीत नव्हते. हात लावाल तेवढेच करीत होते. आणि ते लवकर मंदावले. पण मंदावताना एका बाजूला झुकले नाही, हिसका दिला नाही. अंगावर झोपी जाणारे मूल जसे हळूहळू जड होत जाते, तसे ते थांबले.

"फारच लवकर थांबतं," रत्नकेतू म्हणाला.

"थांबतं तर," म्हातारी म्हणाली.

वेण्णाने खाली वाकून हाताने चाक मोजले. मग नावेतली जागा डोळ्यांपुढे आणली. "बसेल," ती म्हणाली. "किंमत काय, आजी?"

म्हातारीने वेण्णाच्या काखेतल्या वल्ह्याकडे पाहिले. "ते वल्हं. पाण्यात मुरलेलं लाकूड चिरत नाही. पुढच्या चाकाची खुंटी करीन त्याची."

रत्नकेतूला अंतरपाटाखालून तिची पावले दिसत होती. ती एकदाही हलली नाहीत. नंतर वल्ह्याचे टोक म्हातारीकडे सरकताना त्याला दिसले.

"ते तुम्हाला वडिलांनी दिलं होतं ना?" तो हळूच म्हणाला.

"हो."

"माहेरी जायला?"

"हो. चाक उचला. जाऊबाई वाट बघताहेत."

परतताना वेण्णाने चाकाची लांब काठी पाण्यात तळाला रोवून नाव रेटली. प्रवाहाच्या उलट, वल्ह्याशिवाय. खांदे भरून आले. रत्नकेतूने वाटेत किनाऱ्याची चांगली चिकण माती काढून घेतली, तुडवून मऊ केली. तो फारसे बोलला नाही. एकदा त्याने विचारले, "मी रेटू का थोडं?" आणि ती म्हणाली, "तुम्हाला येत नाही. तुम्ही माती करा." त्याने माती केली.

वळणावर पुन्हा तो तांबडा उजेड लागला. डोंगराला टेकलेला सूर्य, हवेतली धूळ, भटजींचे पहिले अष्टक. घाट समोर आला. पायऱ्या इतक्या जवळ आल्या की त्यांवरचे शेवाळ दिसू लागले, आणि तिथे नाव अडली. वेण्णाने काठी रेटली, पुन्हा रेटली. हात लांब केला तर पायरी बोटभर लांब राही. पुढे जाता येत नव्हते, कारण पुढे पोचणे होते.

वाड्यातून शशिप्रभेचा आवाज आला. आता तो फारच लहान झाला होता.

"ती थकली," भिंगरी म्हणाली. "आता नुसता श्वास ऐकू येतो."

"राज्यात तर आलो आहोत," वेण्णा म्हणाली. "इथेच करा. नावेत."

रत्नकेतूने नावेच्या मधोमध चाक बसवले. मग हात थबकला. चाक फिरवायची काठी वेण्णाच्या हातात होती, आणि तिने ती तळाला रोवून धरली होती म्हणूनच नाव तिथे उभी होती.

"द्या," तो म्हणाला. "मी फेरा देतो आणि लगेच परत करतो."

तिने काठी दिली. नाव मागे घसरू लागली. त्याने चाकाला सगळ्या ताकदीने फेरा दिला, काठी अंतरपाटाखालून परत सरकवली, तिने ती रोवली. त्याने गोळा मारला. लग्नाचा घट मोठा हवा. घरचा तसा रिवाज होता, आणि वडील घाटावर उभे राहून पाहत होते. माती वर आली, पोट सुटले, खांदा धरला, आणि मान यायच्या आत चाक थांबले. अर्धा घट खाली बसला.

दुसऱ्यांदा त्याने घाई केली. फेरा देताना काठी जरा जास्त वेळ हातात राहिली, नाव गर्रकन वळली, गोळा सुटून बाजूला गेला. वेण्णाने काठी रोवली तेव्हा घाट बराच दूर गेला होता. मावळतीचा उजेड जिथे तुटतो ते वळण मागे अगदी जवळ दिसत होते. आणखी एकदा घसरलो तर राज्याच्या बाहेर, हे दोघांनाही कळले.

घाटावरून घटसेन ओरडला, "मोठा कर! खांदा रुंद! मी सांगतो तसं…" आणि पुढे त्याचे वाक्य संपेना.

रत्नकेतूने चाकावरून हात काढले. "मला जमत नाही," तो म्हणाला. "एवढ्याशा वेळात नाही जमत. आजवर ज्या चाकांवर बसलो ती सगळी मोठी होती. हे माझ्यासाठी थांबत नाही."

"लहान करा," वेण्णा म्हणाली.

"किती लहान?"

तिने अंतरपाटाखालून आपली ओंजळ पुढे केली. दोन्ही हात जोडलेले, रिकामे, फोड आलेले. काठी तिने काखेत दाबून धरली होती. "यात मावेल एवढं."

त्याने त्या ओंजळीकडे पाहिले. त्याने काढलेल्या मातीतून मूठभर माती घेतली. तिने काठी दिली, त्याने एक फेरा दिला, तिने काठी घेतली आणि सगळे अंग टाकून ती तळाला रोवली. नाव उभी राहिली. त्याने अंगठा रुतवला. पोट, मान, काठ. रांजण करणाऱ्या हातांनी पोरी भातुकलीत मांडतात तसले एक बोळके केले. चाक मंदावत आले. काठ पुरा झाला आणि चाक थांबले. दोन्ही एकदमच झाले.

रत्नकेतूने तळाखाली दोरा घातला आणि ओढला.

बोळके उतरले. त्याचा गोळा झाला नाही.

"कच्चं आहे अजून!" भिंगरी घाबरून म्हणाली. "भाजलेलं नाही, हे पुरं कसं?"

"चाकाचं काम चाकाने पुरं केलं," रत्नकेतू म्हणाला. "भट्टीचं काम भट्टी करील." आणि त्याने ते ओले बोळके अंतरपाटाखालून वेण्णाच्या ओंजळीत ठेवले. आतून त्याच्या बोटांच्या खुणा होत्या. बाहेरून तिच्या उमटल्या.

अंगणातले जादूगाराचे चाक थांबले.

ते थांबले तेव्हा लोकांनी ते पहिल्यांदा नीट पाहिले. सोन्याचे कडे त्यावर नव्हतेच. काठाजवळ एक चीर होती, आणि फिरताना उजेड त्या चिरेत फिरत होता. एवढ्यासाठी राजाने संध्याकाळ दिली होती. चीर आता काठापासून मध्यापर्यंत गेली आणि चाकाचे दोन तुकडे झाले.

भटजी शेवटच्या अष्टकाला आले आणि या वेळी पुढे गेले. "शुभमंगल सावधान" झाले, आणि ताशे वाजायच्या आत वाड्यातून एक दुसराच आवाज आला. बारीक, चिडका, नवा. त्याच्यापाठोपाठ शशिप्रभा रडली, की हसली, ते घाटावरून कळले नाही. सुईण सज्जात येऊन म्हणाली, "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत." आणि या वेळी तिचे वाक्य पुरे झाले.

सूर्य डोंगराआड गेला. धूळ खाली बसली. नाव आपली आपण जाऊन पायरीला लागली. भिंगरीने चाकावर उरलेली चिमूटभर ओली माती चोचीत घेतली, कारण जुनी तोवर वाळून गेली होती, आणि जाऊन घरट्याला शेवटचा मणी लावला.

मग अंतरपाट पडला. अक्षता घाटावरून आल्या, काही पाण्यात पडल्या. रत्नकेतूचे नाक वेण्णाने जुळवले होते त्याहून बरेच मोठे होते. पावलांवरून नाकाचा अंदाज येत नाही. पण डोळे तिला बरोबर जमले होते. त्याने तिच्याकडे पाहिले. तो पाहतच राहिला.

"आहात ना अलीकडे?" वेण्णाने विचारले.

बोळके भट्टीत भाजले गेले. त्यातले पाणी वेण्णाच्या पायांवर घातले, ते दोन्ही अंगठे भिजण्यापुरतेच होते. उरलेल्या चार थेंबांनी शशिप्रभेच्या मुलीचे ओठ ओले केले. घटसेनाने दरबारातले मोठे चाक काढून तिथे ते परातीएवढे चाक बसवले. तेव्हापासून राजा व्हायचे असेल तर त्यावर आधी बोळके करावे लागते. घट मागाहून. आणि घटसेन आता कोणाचे वाक्य मधे तोडत नाही. तोडायचे असले तरी तोंडावर हात ठेवतो, असे म्हणतात.

काठी मात्र एकच राहिली. वर्षातून एकदा वेण्णा तीच काठी घेऊन नावेत बसते आणि माहेरी जाते. तेवढे दिवस दरबारातले चाक फिरत नाही, म्हणून त्या राज्यात कोणीच चाक फिरवत नाही, मडके होत नाही. कोणी तक्रार करीत नाही. नव्याने आलेला कोणी विचारतो, तेव्हा कुंभार हात पुसत सांगतात, "बाई माहेरी गेल्यात. येतील. चाक थांबलंय."

ते मडके उतरले, ती संध्याकाळ मावळली, आणि ही गोष्टही इथे चाकावरून उतरली.